‘हा खेळ आहे’ हे लपवायचं की विसरायला लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पाच जण मिळून पुण्यात एक खेळ रचताय. एक संशोधक मुलगी गायब होते, तिचे व्हॉइस मेसेज लोकांच्या व्हॉट्सअॅपवर यायला लागतात, पेठांमधल्या भिंतींवर विचित्र खुणांचे स्टिकर दिसायला लागतात, आणि दीड महिन्यात दोनेकशे लोक मिळून तिचा माग काढतात. हा खेळ आहे हे शेवटपर्यंत कुणालाही कळू नये, यासाठी काय काय करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं असे खेळ लिहिते आणि चालवते. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. खेळ खरा वाटावा, हा एक. लोकांनी तो खरा समजावा, हा दुसरा. पहिलं साधायला दुसऱ्याची गरज लागत नाही. उलट दुसऱ्याच्या मागे लागलात की पहिलंही हातचं जातं. भातुकली मांडून बसलेल्या मुलीला बोळक्यात भात नाही हे पक्कं ठाऊक असतं, तरी तिने वाढलेलं न खाता तुम्ही उठलात तर ती मनापासून दुखावते. आपल्याला खेळाडूंच्या मनात नेमकी हीच अवस्था हवी असते. त्यांना माहीत असतं, आणि तरीही ते स्वतःहून मनापासून मानतात.

या प्रकारातला पहिला मोठा खेळ आठवा. 2001 मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ए. आय.’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी मायक्रोसॉफ्टमधल्या एका चमूने तो केला. पुढे तो ‘द बीस्ट’ या नावाने ओळखला गेला. चित्रपटाच्या ट्रेलर आणि पोस्टरवरच्या श्रेयनामावलीत जनीन साला नावाच्या बाईंचा उल्लेख ‘भावना असलेल्या यंत्रांच्या थेरपिस्ट’ असा होता. असा हुद्दा जगात नाही. कुणीतरी कुतूहलाने ते नाव इंटरनेटवर शोधलं आणि एकामागून एक वेबसाइटी उघडत गेल्या. ट्रेलरमधल्या अक्षरांवर बारीक खाचा होत्या, त्या मोजल्या की फोन नंबर मिळायचा. ‘हा खेळ नाही’ हे या क्षेत्राचं गाजलेलं ब्रीदवाक्य तिथूनच आलं, आणि तुमच्यासारखे बरेच जण ते शब्दशः घेतात.

पण त्या वेबसाइटी 2142 सालच्या होत्या. ज्याच्या मृत्यूभोवती सगळी गोष्ट फिरत होती, तो इव्हान चॅन त्या साली मेलेला होता. फसवणुकीला जागाच नव्हती. आपण 2001 मध्ये बसून 2142 मधल्या खुनाचा तपास करतोय, हे प्रत्येक खेळाडूला कळत होतं. तरीही सात हजारांवर लोक एका याहू ग्रुपवर जमून रात्र रात्र जागले. ‘हा खेळ नाही’ याचा अर्थ एवढाच होता की गोष्टीतलं जग स्वतःला कधी खेळ म्हणणार नाही. तिथे गुणफलक नाही, ‘लेव्हल दोन’ नाही, पात्रं डोळे मिचकावून ‘आपण खेळतोय बरं का’ म्हणणार नाहीत. दाराच्या आत कडक शिस्त असावी. दार मात्र दार म्हणूनच ओळखू यायला हवं.

दाराची पाटी किती मोठी ठेवायची, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. स्टॉकहोममध्ये 2006 साली ‘मोमेंटम’ नावाचा खेळ पाच आठवडे चालला. मेलेल्या क्रांतिकारकांच्या आत्म्यांनी आपल्याला झपाटलंय, असं मानून तीसेक लोक आपल्या रोजच्या आयुष्यात वावरत होते. एवढ्या खोल पाण्यात उतरता आलं, कारण माणसं मोजकी होती आणि सगळ्यांनी आधी होकार दिलेला होता. तुमचे दोनशे लोक अनोळखी असतील, त्यातले काही जण मित्राने ओढून आणलेले असतील. त्यामुळे माझा सल्ला असा की प्रत्येकाकडून सुरुवातीलाच एक फॉर्म भरून घ्या. कॉल किती वाजेपर्यंत चालतील, कुठले विषय नकोत, घरच्यांपैकी कुणाला कळवायचं. ‘फॉर्म भरला की जादू जाते’ ही भीती मला नेहमी ऐकायला मिळते. माझा अनुभव वेगळा आहे. माणसाने सही केली की त्याची शंका संपते, आणि शंका संपली की तो झोकून देतो. ‘हे खरं तर नाही ना?’ असा विचार करणारा माणूस गोष्टीकडे लक्षच देऊ शकत नाही.

आता तुमच्या व्हॉइस मेसेजकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात मुलीची बहीण बोलते: ‘माझी ताई कालपासून घरी आली नाहीये. एक पांढरी गाडी आमच्या गल्लीत फिरत होती. प्लीज हा मेसेज सगळ्यांना पाठवा.’ अभिनय छान आहे, म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे. तुमच्या दोनशे खेळाडूंपैकी एकाने तो मावशीच्या ग्रुपवर टाकला की तासाभरात तो खेळाबाहेर गेला. तिथे कुणी फॉर्म भरलेला नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. तशाच अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. महाराष्ट्रात बसून ‘पांढरी गाडी’ असं लिहिताना हे विसरता येत नाही. मी तरी विसरू शकत नाही.

म्हणून माझा नियम असा: संदर्भापासून तुटला तरी निरुपद्रवी राहील, असाच मजकूर खेळाबाहेर जाऊ शकेल अशा रूपात द्यायचा. अपहरण, लहान मुलं, बॉम्ब, साथीचे रोग, जातधर्म हे विषय व्हॉइस मेसेजमध्ये, व्हिडिओत किंवा स्क्रीनशॉट काढता येईल अशा मजकुरात घ्यायचे नाहीत. आणि प्रत्येक तुकड्यात तो कल्पित असल्याची खूण गोष्टीच्या आतूनच घालायची. तुमचाच मेसेज मी असा लिहीन: ‘आई, मी लकडी पुलाखाली बोटीच्या थांब्यावर उभी आहे. शेवटची बोट गेली. आज 14 मे 2061, पाणी पायरीला लागलंय. मी चालत येतेय, दार लावू नकोस.’

हे ऐकून कुणी पोलिसांना फोन करणार नाही. मुठेत बोटीचा थांबा नाही आणि 2061 साल उजाडलेलं नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. पण ‘दार लावू नकोस’ या शब्दांनी आत काहीतरी हलतं, कारण तशा आयांना आणि तशा मुलींना आपण ओळखतो. भावना खरी ठेवा, तपशील अशक्य ठेवा. 2142 सालच्या वेबसाइटींमागचं तंत्रही हेच होतं.

याच कारणाने काही पात्रं मी कधीच घेत नाही: पोलीस, बँकेचा माणूस, कुरिअरवाला, सरकारी अधिकारी. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली लोकांना लुबाडलं जात असताना अनोळखी नंबरवरून आलेला दरडावणीचा आवाज ऐकून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात गोळा येऊ शकतो. खऱ्या व्यक्तीचा आवाज एआयने बनवून वापरायची कल्पनाही तुम्ही लिहिलीय. ती सोडून द्या. पात्रांसाठी घेतलेली सिमकार्डं तुमच्यातल्याच कुणाच्या तरी नावावर असू देत, आणि प्रोफाइलला फोटो लावायचा तर तो स्वतः काढलेला, परवानगी घेतलेला असू दे.

स्टिकरबद्दल. सार्वजनिक दिसणाऱ्या भिंतींवर परवानगीशिवाय काहीही चिकटवायला मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा राज्याचा कायदा आड येतो. पण कायद्याइतकीच भीती बघणाऱ्याच्या मनातली असते. जानेवारी 2007 मध्ये एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी अमेरिकेतल्या काही शहरांत दिव्यांच्या लहान पाट्या पुलांवर आणि खांबांवर लावल्या होत्या. बॉस्टनमध्ये पोलिसांना ते बॉम्ब वाटले. रस्ते बंद झाले, शहर ठप्प झालं, आणि शेवटी संबंधित कंपन्यांना 20 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. लावणाऱ्यांच्या मनात धमकी नव्हती, पण पाटीवर काय आहे हे समजावून सांगायला तिथे कुणी उभंही नव्हतं. मी भिंती वापरतच नाही. दुकानं वापरते. अमृततुल्यवाला, झेरॉक्सवाला, जुन्या पुस्तकांचा विक्रेता अशांशी आधी बोलायचं, त्यांना सगळं सांगायचं, आणि स्टिकर काउंटरवर ठेवायचा. एखाद्याने हटकलं तर दुकानदार उत्तर देऊ शकतो. गंमत म्हणजे हे दुकानदारच पुढे खेळातली सगळ्यात जिवंत पात्रं होतात. ‘काल पण एक जण येऊन हेच विचारून गेला’ एवढं एक वाक्य ते सहज बोलतात आणि समोरच्याच्या अंगावर काटा येतो. असं वाक्य आपल्याला लिहिता येत नाही.

मग खरेपणा येतो कुठून? प्रतिसादातून. मी एवढ्या ठामपणे सांगू शकेन अशी गोष्ट या कामात दुसरी नाही. 2004 च्या ‘आय लव्ह बीज’ या खेळात एका मधमाश्यांच्या वेबसाइटवर अक्षांश-रेखांश आणि वेळा यायच्या. तिथे गेलं की अमेरिकेतल्या कुठल्याशा कोपऱ्यावरचा सार्वजनिक फोन ठरल्या मिनिटाला वाजायचा. बहुतेक वेळा रेकॉर्ड केलेला आवाज असायचा, पण काही फोनवर अभिनेत्री स्वतः बोलायची, आणि खेळाडू जे उत्तर देई त्याला तिथल्या तिथे उत्तर देई. ‘हेलो 2’ या व्हिडिओ गेमच्या जाहिरातीसाठी केलेला तो खेळ आज लोकांना आठवतो तो त्या फोनमुळे. जग आपल्याकडे बघतंय, असं त्या क्षणी वाटलं.

याच खेळाची एक गोष्ट या क्षेत्रात कौतुकाने सांगतात: फ्लोरिडावर चक्रीवादळ चालून येत असताना एक खेळाडू फोन वाजायची वाट बघत उभा राहिला. लोक ती तल्लीनतेचा पुरावा म्हणून सांगतात. मला मात्र ती ऐकली की प्रश्न पडतो, त्याला ‘घरी जा’ म्हणायचं काम कुणाचं होतं? खेळाडू जितका रमलेला, तितकी आपली जबाबदारी वाढत जाते.

यासाठी आम्ही ‘टाइम प्लीज’ ठेवतो. लहानपणी आपण सगळ्यांनीच मुठीवर फुंकर मारून ते म्हटलंय, त्यामुळे ते कुणाला शिकवावं लागत नाही. खेळाडूने कुठल्याही पात्राला हे दोन शब्द पाठवले की पात्र गप्प होतं आणि आमच्यातला एक माणूस स्वतःच्या खऱ्या नावाने उत्तर देतो. उलट दिशेनेही ते चालतं. पावसाचा रेड अलर्ट आला, शहरात काही अनुचित घडलं, की आम्हीच ‘टाइम प्लीज’ पाठवून खेळ थांबवतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘मॅजेस्टिक’ नावाचा खेळ होता, तो खेळाडूंना फोन, फॅक्स, ईमेल करायचा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर तो काही काळ थांबवावा लागला आणि पुढच्या वर्षी बंदच पडला. जग बदललं की खेळ थांबवता यायला हवा, आणि तो कसा थांबवायचा हे आधीच ठरलेलं असावं.

प्रतिसादाचा हिशेब मात्र निर्दय आहे. दोनशे लोकांनी दिवसाला दोन मेसेज केले तरी चारशे होतात, आणि तुम्ही पाच जण आहात. बॉटवर भागवाल तर पहिल्या आठवड्यात लोकांना कळेल. त्यापेक्षा मर्यादा गोष्टीतच विणा. 2061 मधला सिग्नल फक्त रात्री नऊ ते दहा मिळतो, एवढं म्हटलं की उरलेले तेवीस तास तुमचे. लोकही नऊ वाजायची वाट बघतात, आणि ती वाट हाच निम्मा खेळ असतो.

आमच्याकडे प्रत्येक पात्राची एक शीट असते. पात्राला काय ठाऊक आहे, कुणाला काय सांगून बसलंय, कुणाशी अरे-तुरे करतं आणि कुणाशी अहो-जाहो, कुठला शब्द चुकीचा उच्चारतं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा: ‘खेळाडूने स्वतःबद्दल सांगितलेलं’. एकदा एका मुलाने एका पात्राला लिहिलं, उद्या येता येणार नाही, आजोबांना अॅडमिट केलंय. दोन दिवसांनी त्या पात्राने कोड्याचा विषय काढायच्या आधी विचारलं, ‘आजोबा कसे आहेत?’ कोडी तो विसरलाय. तो प्रश्न तो अजून सांगतो.

पण याच रकान्यात एखादा माणूस असंही काही लिहून जातो, जे त्याने जवळच्या कुणालाही सांगितलेलं नसतं. काल्पनिक पात्राशी मन मोकळं करणं सोपं असतं. तिथे पात्राने सांत्वन करत बसायचं नाही. टाइम प्लीज, खरं नाव, खरा फोन, आणि गरज असेल तर खरा समुपदेशक. हे काम कोण करणार ते आधी ठरवा, आणि जो लेखक त्या पात्रात सगळ्यात जास्त रमलाय त्याला ते देऊ नका.

कोड्यांबद्दल थोडक्यात. अवघड कोडी लिहून दीड महिना भरायचा विचार करू नका. ‘द बीस्ट’च्या चमूने आठवडेच्या आठवडे पुरतील अशा हिशेबाने रचलेली कोडी लोकांनी पहिल्याच दिवशी फोडली होती. एकटा हुशार माणूस अडेल, पण हजार माणसांच्या गर्दीत कुणीतरी नेमका तेच शिकलेला असतो. म्हणून अवघड कोड्यापेक्षा विखुरलेलं कोडं बरं. एक ओळ मोडी लिपीत, एक जात्यावरच्या ओवीतली, एक पंचांगातल्या तिथीवर, एक जुन्या पीएमटी बसच्या मार्गावर. पुण्यात मोडी वाचणारे आहेत, पण ते तुमच्या इन्स्टाग्रामवर नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला खेळाडूंना घरात आजीला विचारावं लागतं, ग्रंथालयात जावं लागतं. कोडं सुटेपर्यंत चार नवी माणसं गोष्टीत आलेली असतात.

आणि ज्या जागी तुम्ही काही ठेवलेलंच नाही, तिथेही लोक काहीतरी शोधून काढतील, याची तयारी ठेवा. सुतावरून स्वर्ग गाठणं हे अशा खेळाडूंचं कौशल्यच असतं, आपणच ते त्यांच्यात घडवतो. क्लासच्या जाहिरातीतला फोन नंबर, गटाराच्या झाकणावरची अक्षरं, कुणाच्या तरी वाड्याच्या दारावरचं शुभचिन्ह, सगळं त्यांना क्लू दिसायला लागतं. 11 सप्टेंबरनंतर ‘द बीस्ट’च्या त्याच ग्रुपवर काही जणांनी ‘आपण हेही सोडवू शकतो’ असं लिहिलं होतं. ग्रुप चालवणाऱ्यांनी समजुतीने ती चर्चा थांबवली. लोक दुष्ट नव्हते, त्यांना नुकती सवय लागली होती. म्हणून खेळाची एक ठळक खूण ठरवा आणि पात्राच्या तोंडून सांगा की ही खूण नसेल तिथे आमचं काही नाही. कुलूपबंद फाटकामागे, खासगी अंगणात, नदीपात्रात, रुळांजवळ काहीही नसेल, हेही स्पष्ट सांगा. इंग्लंडमधल्या ‘पर्प्लेक्स सिटी’चं एक लाख पौंडांचं बक्षीस असलेला ठोकळा 2007 मध्ये सापडला तो नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या जंगलात. तो कुणाच्या परसात पुरलेला असता, तर आसपासच्या सगळ्यांची परसं खणली गेली असती.

तर लगेच दोनशेवर जाऊ नका. वीस ओळखीचे लोक घ्या, एक शनिवार-रविवार, दोन पात्रं, तीन दुकानं. त्यात कोडी किती सुटली हे बघू नका. कुणी किती वेळा ‘टाइम प्लीज’ म्हटलं, कुठला मेसेज बाहेरच्या ग्रुपवर गेला, आणि खेळात नसलेल्या माणसाने तो कसा वाचला, हे बघा. त्यावरून तुमचा दीड महिना कसा असावा ते ठरेल, कदाचित तो तीन आठवड्यांचा होईल.

शेवटाची योजनाही आताच करा, कारण थकलेल्या टीमला ती सुचत नाही. गोष्ट संपली की एक दिवस सगळ्या खेळाडूंना बोलवा, पात्रं करणाऱ्यांची खरी ओळख करून द्या, त्यांना हवं ते विचारू द्या. यात दोन-तीन तास सहज जातात, ते जाऊ द्या. त्यानंतर प्रत्येक वेबसाइटच्या आणि अकाउंटच्या माथ्यावर ‘हा एक खेळ होता’ असं तारखेसह लिहा, कारण दोन वर्षांनी कुणीतरी गुगलवरून तिथे थेट येऊन पडणार आहे. खेळाडूंनी स्वतःबद्दल सांगितलेला तो रकाना पुसून टाका. सिमकार्डं बंद करा, आणि दुकानांमधले स्टिकर स्वतः जाऊन काढून आणा.